दत्त की अदत्त?

घडी उलगडली तेव्हा तो कागद हातरुमालाएवढा झाला. औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक आम्ही दुकानदार सहसा उलगडत नाही. नगरच्या चितळे रोडवर ३४ वर्षं औषधं विकतोय, हजारो खोकी हाताखालून गेली, पण आतला पातळ कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला असेन तो फार तर विसेक वेळा. त्या दिवशी वाचावा लागला, कारण बाईनं विचारलं होतं, “ह्यात काय काय आहे?”

बाई म्हणजे माझी आई. आमच्या मारवाडी घरांत आईला बाई म्हणतात. समोर बोलताना आम्ही तिला ‘थे’ म्हणतो, म्हणजे तुम्ही. मराठीत लिहायला बसलो की ती आपोआप ‘ती’ होते. तिचं माहेर पाथर्डीचं. आनंदऋषीजी महाराज त्याच तालुक्यातल्या चिचोंडीचे, १९१३ साली तेराव्या वर्षी त्यांनी मिरीला दीक्षा घेतली. त्यांच्या प्रेरणेनं पाथर्डीत चालू झालेल्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा बाईनं लग्नाआधी दिल्या. शाळा सातवीपर्यंत, पण नवतत्त्वं, आठ कर्मं आणि बारा व्रतं तिला अजून तोंडपाठ आहेत. जमिनीखाली वाढणारं काही खायचं नाही, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही, आणि जिचं मूळ माहीत नाही अशी वस्तू तोंडात घालायची नाही. बिस्किटाचा पुडा ती उलटा करून वाचून घेते. नुसत्या हिरव्या ठिपक्यावर तिचं भागत नाही.

मी भिंग घेऊन वाचायला लागलो. पॅक्लिटॅक्सेल, १०० मिलिग्रॅम. ह्युमन अल्ब्युमिन, सुमारे ९०० मिलिग्रॅम.

“ह्युमन म्हणजे?”

“माणसाचं.”

“माणसाचं काय?”

“रक्तातलं प्रथिन, बाई.”

ती गप्प झाली. मग तिनं चष्मा काढून कापडानं पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती.

इथवर आम्ही कसे आलो ते थोडक्यात सांगतो. सहा वर्षांपूर्वी फाल्गुनात तिच्या छातीत गाठ सापडली. ऑपरेशन झालं, पहिल्या औषधाचे डोस झाले आणि जेठात पॅक्लिटॅक्सेल सुरू करायचं ठरलं, आधी साधं, जुनं. हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रवात आणि अल्कोहोलात मिळून, जवळपास निम्म्या-निम्म्यात, विरघळवतात. ह्या क्रेमोफोरनं अनेकांच्या अंगावर उठतं, म्हणून आधी डेक्सामेथासोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात: सलाईनच्या १२ तास आधी आणि ६ तास आधी. सकाळी दहाला सलाईन, म्हणजे गोळ्या रात्री दहाला आणि पहाटे चारला. बाईचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नेम, पन्नास वर्षांत मोडला नव्हता. त्या रात्री तिनं गोळी घेतली, पाण्याचे दोन घोट घेतले आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी सलाईन लावून दहा मिनिटंही झाली नसतील, चेहरा लाल झाला, श्वास अडला, रक्तदाब कोसळला. रुग्णालयातल्या लोकांनी धावपळ करून तिला सावरलं. मी तिथं उभा होतो. ज्या औषधाची कुपी मी दुकानातून स्वतःच्या हातानं आणली होती, तिनं आईचा श्वास बंद होताना पाहणं काय असतं, ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी हेच औषध दुसऱ्या रूपात देऊ. नॅनो. त्यात क्रेमोफोर नाही, अल्कोहोल नाही, रात्रीच्या गोळ्याही सहसा लागत नाहीत. औषधाचे बारीक कण अल्ब्युमिनमध्ये बांधलेले, एकेक कण साधारण १३० नॅनोमीटरचा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. असे सहाशेहून अधिक कण ओळीनं मांडावेत तेव्हा केसाची जाडी भरते. अमेरिकेत ह्या औषधाला जानेवारी २००५ मध्ये परवानगी मिळाली, आता भारतीय कंपन्याही ते बनवतात. मला वाटलं, बाईचे सगळे प्रश्न सुटले. एरंडेलाचा त्रास टळला, दारूचा अंश टळला, चौविहार वाचला.

आणि कागदावर निघालं, एक भाग औषध आणि नऊ भाग माणसाचं प्रथिन.

इतर कुणी असतं तर विचारलं असतं, हे शाकाहारी की मांसाहारी? बाईनं तसं विचारलं नाही. दोन दिवस तिनं विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो, तर ताट वाढता वाढता म्हणाली, “ते दत्त आहे की अदत्त?”

श्रावकाच्या व्रतांतलं तिसरं व्रत अदत्तादानाचं. जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. चोरी हा त्याचा ढोबळ अर्थ, पण शब्द चोरीपाशी थांबत नाही. साधू-साध्वी दात कोरायची काडीसुद्धा मालकाला विचारल्याशिवाय उचलत नाहीत, ते ह्याच व्रतापोटी. बाईचा प्रश्न रक्ताच्या शुद्धाशुद्धतेचा नव्हताच. ज्याच्या अंगातून हे आलं त्यानं ते दिलं होतं का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

मी तिला माहीत होतं तेवढं सांगितलं. अल्ब्युमिन आपल्या प्रत्येकाच्या रक्तात असतं, यकृत ते बनवतं. दात्याच्या रक्तातला पिवळसर द्रव, प्लाझ्मा, वेगळा काढतात. हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून अल्ब्युमिन काढतात. देणारा जिवंत असतो, चालत घरी जातो, त्याची झीज थोड्या दिवसांत भरून निघते. हे ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला. मग मी पुढचंही सांगितलं, कारण न सांगणं मला जमलं नसतं. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानं बंद झालं, १ जानेवारी १९९८ पासून. पण अमेरिकेत प्लाझ्मा देणाऱ्याला पैसे मिळतात, आणि जगभरच्या औषधांना लागणारा प्लाझ्मा मोठ्या प्रमाणात तिथून येतो. आपल्या कुपीतला कुठला, हे खोक्यावर लिहिलेलं नाही.

“म्हणजे कुणी गरजेपोटी दिलं असेल.”

“असेल.”

“घरभाडं द्यायचं असेल, म्हणून दंड पुढे केला असेल.”

“असूही शकेल, बाई.”

“मग ते दिलं म्हणायचं का?”

मी जेवत होतो. घास हातात राहिला.

ह्या प्रश्नावर मी सहा वर्षं विचार करतोय. दानाचा आपला सगळा विचार देणाऱ्याच्या बाजूनं झालेला आहे. कुणी दिलं, किती दिलं, कुठल्या भावनेनं दिलं, पाटी कुणाच्या नावाची. घेणाऱ्यानं काय करायचं ह्याबद्दल आपण फार कमी बोलतो. मला असं वाटू लागलंय, की एखादी वस्तू ‘दत्त’ होते ती निम्मी देणाऱ्यामुळे आणि निम्मी घेणाऱ्यामुळे. पैशासाठी रक्त विकलेल्या माणसाचं देणं अपुरं आहे असं मी आईला नगरमध्ये बसून सांगावं, हा मला अधिकार नाही. पण घेणाऱ्यानं त्याच्याकडे किंमत चुकवलेला माल म्हणून पाहिलं, तर ते दिलेलं असूनही अदत्तच राहिलं. मी तोवर इतकी वर्षं औषधं अशीच विकली. बॅच नंबर, मुदत, छापील किंमत. त्यामागे कुणी आहे हे मला त्या दुपारपर्यंत सुचलं नव्हतं.

आषाढात चातुर्मासासाठी महासतीजी स्थानकात आल्या. बाई त्यांच्याकडे गेली, मी बरोबर होतो. औषध घ्या किंवा घेऊ नका असं साध्वी सांगत नाहीत. ज्यात कुठेही जीवहिंसा येते अशी आज्ञा त्यांच्या तोंडून निघत नाही. त्यांनी बाईला एवढंच विचारलं, पच्चक्खाण घेता तेव्हा त्यातले आगार आठवतात का? पच्चक्खाण म्हणजे त्यागाचा संकल्प, आगार म्हणजे त्या व्रतातच ठेवलेली सूट. त्यातला एक आगार आजाऱ्यासाठी आहे: असह्य पीडेत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेतलं, तर व्रत भंगत नाही. बाईला तो अर्थातच पाठ होता, साठ वर्षं ती तो म्हणत होती. पण तो आपल्यासाठी लिहिलेला आहे हे तिच्या मनात पहिल्यांदा त्या दिवशी आलं. येताना रिक्षात म्हणाली, “ज्यांनी हे लिहिलं त्यांनी आजारी माणूस जवळून पाहिला असणार.” माझ्या मते कुठल्याही धर्मशास्त्राची ह्याहून चांगली परीक्षा होऊ शकत नाही.

तरी तिचं विचारणं थांबलं नाही. अल्ब्युमिनचं झालं, आता आतल्या औषधाचं सांग. ते कुठून येतं?

ते झाडातून येतं, आणि त्याची गोष्ट खानदेशापर्यंत पोचते. १९६२ साली अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या एका संथ वाढणाऱ्या, सदाहरित झाडाची साल तपासणीसाठी गोळा केली गेली. तिच्यातलं गुणकारी द्रव्य वेगळं काढून त्याची रचना १९७१ साली जगापुढे मांडली ती मन्रो वॉल आणि मनसुख वाणी ह्या दोघांनी. वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि मग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात आयुष्यभर झाडांतली औषधं शोधत राहिले. २०२० साली, ९५ वर्षांचे होऊन गेले. नंदुरबारच्या माणसानं शोधलं म्हटल्यावर बाईला फार बरं वाटलं. आमच्या धुळ्याच्या आत्यांकडून ती त्या बाजूला जाऊन आलेली होती. “वाणी?” एवढंच दोनदा म्हणाली.

पण पुढचं ऐकून ती अस्वस्थ झाली. साल काढली की झाड मरतं. शंभर वर्षांच्या एका झाडाच्या सालीतून जेमतेम एका मात्रेपुरतं औषध निघायचं. एका माणसाच्या एका सलाईनसाठी शंभर वर्षांचं एक झाड. हिमालयातली ह्या झाडाची बहीणही पुढे औषधापायी इतकी तोडली गेली, की तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. मग फ्रान्समध्ये पिएर पोतिए ह्यांच्या गटाला युरोपातल्या यूच्या पानांत औषधाच्या अलीकडचं एक द्रव्य सापडलं. पानं खुडली तरी झाड जगतं, पुन्हा पालवतं. त्या द्रव्यावर प्रयोगशाळेत थोडं काम केलं की औषध तयार. त्यानंतर झाडाच्या पेशी टाकीत वाढवून त्यांच्याकडूनच औषध करून घेण्याची पद्धत आली. तिथं पानही खुडावं लागत नाही.

हे मी सांगत होतो आणि बाई आतल्या खोलीत उठून गेली. परत आली ती पाठशाळेचं जुनं पुस्तक घेऊन. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. जांभळाचं झाड आणि सहा माणसं. प्रत्येक जैन मुलानं हे चित्र पाहिलेलं असतं. सहा जणांना भूक लागली आहे. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा म्हणतो मोठ्या फांद्या तोडू, तिसरा म्हणतो डहाळ्या, चौथा म्हणतो घोस, पाचवा म्हणतो पिकलेली जांभळं तेवढी खुडू, सहावा म्हणतो खाली पडलेली आहेत तीच वेचू. सहा लेश्या, म्हणजे मनाचे सहा रंग, काळ्यापासून शुभ्रापर्यंत. बाईनं काळ्या माणसावर बोट ठेवलं, “ही साल.” मग बोट सरकवत पाचव्यापाशी आणलं, “ही पानं.” शेवटच्या माणसावर ते नुसतं टेकवून ठेवलं, काही बोलली नाही.

मी रसायनशास्त्र शिकलो, ते औषधनिर्मितीच्या पदविकेपुरतं. त्यात मला कुणी सांगितलं नव्हतं, की एका औषधाचा तीस वर्षांचा इतिहास त्या चित्रात इतका नीट बसेल. त्या सगळ्या शास्त्रज्ञांनी अहिंसेसाठी हे केलं असं मी म्हणणार नाही. झाडं संपत होती, औषध पुरत नव्हतं, म्हणून वाट काढावी लागली. पण वाट निघाली ती त्या दिशेनं निघाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री ह्यांच्या गटानं २००४ साली गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी अतिसूक्ष्म कण बनवून दाखवले, गाठीला आतून उष्णता देऊन मारण्यासाठी असे कण कामी येतील ही आशा धरून. गवती चहा आमच्या मागच्या अंगणात आहे. ते अजून औषध झालेलं नाही, पण वाचून मला फार आनंद झाला होता, आणि का झाला ते बाईच्या त्या बोटानं समजावलं.

उंदरांचंही मी तिला सांगितलं. हे औषध उंदरांत वाढवलेल्या गाठींवर पाहिल्याशिवाय माणसापर्यंत आलेलं नाही. कुठलंच असं औषध येत नाही. त्यावर ती म्हणाली, “ते तर अदत्तच.” आणि ह्यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

आता एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. नॅनोचं नाव निघालं की आपल्यातला कुणीतरी उठून म्हणतो, हे तर आपल्या आचार्यांना दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं, आमचा परमाणू म्हणजेच तुमचं नॅनो. एका व्याख्यानात मी हे ऐकलं आणि टाळ्याही ऐकल्या. मला त्या टाळ्यांचं दुःख झालं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचा, म्हणजे जड द्रव्याचा, विचार आहे, आणि तो थक्क करणारा आहे: परमाणू एकमेकांना का चिकटतात, तर कुणी स्निग्ध असतो, कुणी रूक्ष, आणि त्यांच्या अंशांत ठरावीक फरक असेल तरच बंध होतो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. पण शास्त्राच्याच शब्दांत बोलायचं तर परमाणू अविभाज्य आणि इंद्रियांना अगोचर. १३० नॅनोमीटरच्या कणात कोट्यवधी अणू असतात. आपल्या भाषेत तो स्कंध, म्हणजे परमाणूंचा समूह झाला, परमाणू नव्हे. जो खरंच पाठशाळा शिकला आहे त्याला हे कळतं. आणि मुळात आचार्यांनी सूक्ष्माचा एवढा ध्यास घेतला तो कशासाठी? तोंडावर मुहपत्ती बांधायला, पाणी गाळून-उकळून प्यायला, पाऊल पाहून टाकायला. आपल्या हातून न दिसणारं काय चिरडलं जातंय, ते पाहायला. आधी आम्हाला कळलं होतं, ही बढाई त्या ध्यासाच्या नेमकी उलट आहे.

दुसरी गोष्ट कर्माची. बाईला साता विचारायला येणाऱ्यांपैकी एक-दोघी तिच्यासमोर म्हणाल्या, असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, मागच्या भवाचं काही असेल. मी रागानं उठलो होतो. बाईनं मला हातानं बसवलं. त्या गेल्यावर म्हणाली, “कर्म स्वतःबद्दल बोलायला आहे. मी माझ्याबद्दल म्हणू शकते. दुसऱ्याच्या दुखण्याला लावलं की तो कषाय झाला.” कर्म हे जैनांसाठी केवळ नियम नाही, ते द्रव्य आहे, अतिसूक्ष्म पुद्गल, आणि जिथं क्रोध, मान, माया, लोभाचा ओलावा असतो तिथं ते चिकटतं. गाठही अल्ब्युमिन ओढून घेते, असं ह्या औषधाच्या परिणामाचं एक कारण सांगतात. तिला वाढायला अन्न हवं असतं, त्या हावेत ती बांधलेलं औषधही गिळते. मी हे बाईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ विचारात होती. ती म्हणाली, “दृष्टांत चांगला आहे. पण दृष्टांतच.”

श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही गेलो. रात्रीची गोळी नव्हती, चौविहार सुखानं झाला होता. औषध तयार करणाऱ्या सिस्टरला मी विनंती केली, काचेबाहेरून पाहू द्याल का? तिनं मान हलवली. कुपीत पांढरट, कोरडी वडी होती. सिस्टरनं २० मिलिलिटर सलाईन सिरिंजमध्ये घेतलं, सुईचं टोक कुपीच्या काचेला टेकवलं आणि भिंतीवरून एकेक थेंब ओघळू दिला. वडीवर थेट धार पडली तर फेस होतो. मिनिटभर लागलं. मग कुपी पाच मिनिटं तशीच ठेवली, वडीला भिजू दिलं. मग दोन्ही बोटांत धरून हलकेच फिरवली, उलटी केली, सुलटी केली. खुळखुळवायची नाही. बाळाची बाटली करताना बायका करतात तसं, पण त्याहून सावकाश. थोड्या वेळानं कुपीत दूध तयार झालं. खरंच दूध, एकसारखं, पांढरं. अशा चार कुप्या. म्हणजे साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रथिन, न जाणो किती माणसांचं, आणि त्यांच्या आत दीडशेहून अधिक मैलांवर जन्मलेल्या एका माणसानं ओळख पटवलेलं द्रव्य.

सलाईन तीस मिनिटांची होती. बाईच्या हातात नवकारवाळी होती. तिची सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची असते. रुग्णालयात ती विधीनं होत नाही, म्हणून ती नुसता जप करत होती. मी घड्याळाकडे आणि तिच्या चेहऱ्याकडे आळीपाळीनं पाहत होतो. दहा मिनिटं झाली. चेहरा लाल झाला नाही. वीस झाली. ती जप करत राहिली. तीस मिनिटांनी नळी काढली तरी ती डोळे मिटून बसूनच होती. सिस्टर गोंधळली. मी म्हटलं, अजून अठरा मिनिटं थांबता येईल का? तिनं पडदा ओढून घेतला.

हे औषध म्हणजे चमत्कार असं मी कुणाला सांगत नाही. दुकानात पारनेर, जामखेडची माणसं येतात आणि विचारतात, ते नॅनोवालं घेतलं नाही म्हणून आमचं वाईट होईल का? ज्यांना जुनं सोसतं त्यांच्यासाठी जुनं चांगलं आहे; पॅक्लिटॅक्सेल देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, ते उगीच नाही. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ४५४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत नव्या रूपानं १०० पैकी ३३ जणींची गाठ आटोक्यात आली, जुन्यानं १९ जणींची. पण हातापायांच्या नसांचा तीव्र त्रास नव्यानं १० टक्क्यांना झाला, जुन्यानं २ टक्क्यांना. दोन्ही आकडे मी एका श्वासात सांगतो.

पहिल्या नव्या डोसानंतर बाईनं विचारलं, “सगळे कण गाठीपर्यंत पोचतात?” टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले होते. साऱ्या तऱ्हांचे नॅनोकण धरून, टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्याचा मध्यक निघाला ०.७ टक्के. हजारात सात. मला वाटलं ती सातावर बोलेल. मनुष्यभव कसा दुर्लभ, ते दहा दृष्टांतांनी सांगणारी बाई ती.

ती म्हणाली, “बाकीचे नऊशे त्र्याण्णव कुठं जातात?”

पाथर्डीला तिच्या लहानपणी आडाचं पाणी गाळलं, की गळण्यात उरलेलं त्याच आडात परत सोडायचे, हलक्या हातानं, दोर खाली जाईपर्यंत वाकून. त्याला जिवाणी म्हणतात. गाळून बाजूला काढलेला जीव त्याच्या पाण्यात परत गेला पाहिजे. नगरला नळ आला, मुळा धरणाचं पाणी आलं, आणि जिवाणी कुठं सोडायची हा प्रश्न तिला पन्नास वर्षं सलतोय. त्या सवयीतून तो प्रश्न आला होता. मी सांगितलं, बरेचसे यकृतात आणि प्लीहेत अडकतात. यकृत औषधाचे तुकडे करतं आणि ते शरीराबाहेर जातं. “बाहेर म्हणजे सीनेत?” ती म्हणाली. गावाचं सांडपाणी सीनेकडेच जातं. रुग्णालयानं सांगितलं होतंच, ४८ तास संडास-बाथरूम धुताना हातमोजे घाला, झाकण लावून दोनदा पाणी सोडा. ते घरातल्या माणसांच्या काळजीनं. साधूंच्या पाच समितींपैकी शेवटची समिती देहातून बाहेर पडणाऱ्या गोष्टी जिथं जीव मरणार नाही अशा जागी परठण्याची आहे. टाकणं वेगळं, परठणं वेगळं. पेशीचं विभाजन थांबवणारं द्रव्य नदीत गेलं तर तिथल्या बारीक जीवांचं काय होतं, हा प्रश्न कारखानदारांनी विचारावा, नगरपालिकांनी विचारावा, आमच्यासारख्या विक्रेत्यांनी विचारावा. आमच्या घरात तो सत्तरी ओलांडलेल्या, सातवी शिकलेल्या बाईनं विचारला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या डोसानंतर तिच्या बोटांची टोकं बधिर होऊ लागली. नवकारवाळीचे मणी लागेनात. एक मणी सरकला की दोन, हे कळेना, आणि मोजणी चुकली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एका सकाळी तिनं माळ डबीत ठेवून दिली आणि अनानुपूर्वीचं पुस्तक काढलं. त्यात एक ते पाच आकडे उलटसुलट क्रमानं छापलेले असतात; ज्या आकड्यावर नजर जाईल ते नवकाराचं पद म्हणायचं. स्पर्श लागत नाही, डोळे पुरतात. तक्रार म्हणून ती एवढंच बोलली, “मणी गुळगुळीत आहेत ते आठवतं.”

बाई आता ऐंशीच्या घरात आहे. स्पर्श बराचसा परत आला, पूर्ण नाही.

त्या वर्षीची संवत्सरी, म्हणजे सर्वांची क्षमा मागण्याचा दिवस, तिसऱ्या डोसानंतर आठवड्यानं आली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत्या, गर्दीत जाऊ नका असं सांगितलेलं. ती म्हणाली, दाराशी बसेन. स्थानकात बायकांच्या बाजूला, उंबऱ्याला लागून, भिंतीला टेकून बसली. डोक्यावर केस नव्हते, पदर घट्ट ओढलेला, मुहपत्ती बांधलेली. डोळे तेवढे दिसत होते. मी पुरुषांच्या बाजूनं तिच्याकडे पाहत होतो. प्रतिक्रमण चाललं. मग चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना खमावण्याचा, त्यांची क्षमा मागण्याचा, पाठ आला. पृथ्वीकायाच्या सात लाख, अप्‌कायाच्या सात लाख, तेउकाय, वायुकाय... सगळ्याजणी एका सुरात म्हणत होत्या. प्रत्येक वनस्पतीच्या दहा लाख आल्या आणि बाईचे ओठ थांबले. मुहपत्तीचं कापड हलायचं थांबलं म्हणून मला कळलं. क्षणभरानं पुन्हा सुरू झालं. तिर्यंच पंचेंद्रियांच्या, म्हणजे पशुपक्ष्यांच्या, चार लाख, तिथं ती पुन्हा थांबली. शेवटी मनुष्याच्या चौदा लाख. ह्या वेळी ती बराच वेळ थांबली. बाकीच्या पुढच्या पाठावर गेल्या होत्या, आणि ती दाराशी, बधिर बोटं एकमेकांवर जुळवून, अजून तिथंच होती.